फास्टर फेणेला मोठा का केलात?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मुलांच्या पुस्तकांवरून निघालेल्या मराठी चित्रपटांविषयी लेख आला होता. हे चित्रपट मनासारखे का होत नाहीत, याचं कारण लेखकानं असं दिलंय की आताची मुलं मराठी वाचत नाहीत म्हणून त्यांना ती पात्रं ओळखीची वाटत नाहीत, आणि जुने वाचक मात्र थिएटरात बसून पानापानाचा हिशेब मागतात. मुलांबद्दल पुढे लिहितो. जुन्या वाचकांबद्दल जे लिहिलंय ते माझ्यावरच आहे असं समजून हे पत्र लिहायला घेतलं. पानांचं मला कळतं हो, दीडशे पानं दोन तासांत बसत नाहीत. पण पुस्तकातला मुलगाच पडद्यावर नसेल तर विचारायचं की नाही?

मी फुरसुंगीचा. आमच्या गावाला महाराष्ट्रात तीन गोष्टींनी ओळखतात. शेतकऱ्याला सांगितलं तर तो म्हणतो, फुरसुंगी म्हणजे कांद्याचं बी. पुणेकराला सांगितलं तर त्याला कचरा डेपो आठवतो, आणि तो नकळत नाकाकडे हात नेतो. तिसरी ओळख सांगणारी माणसं कमी, पण ती भेटली की बरं वाटतं. ‘फुरसुंगी? म्हणजे फास्टर फेणेचं?’ बँकेत, दवाखान्यात, एकदा तर कोकणात लग्नाच्या पंगतीत असं विचारणारा माणूस भेटलाय, आणि पुढचा अर्धा तास आम्ही दोघं शाळेतल्या पोरांसारखे बोलत बसलोय. भा. रा. भागवतांनी आपल्या मुलांच्या पुस्तकांतल्या या नायकासाठी आमचं गाव का निवडलं कोण जाणे. आम्हाला मात्र ते फुकटात मिळालं.

माझं सायकलचं दुकान आहे. वडलांचंही होतं. त्यांच्या वेळी सायकली तासावर भाड्यानं जायच्या, वहीत नाव आणि वेळ लिहायची, आणि पोरगं वेळेवर परत आलं नाही की मला पाठवायचे शोधायला. दुकानात बाकड्यावर बसून पंक्चरचा पाण्याचा टब आणि गिऱ्हाईक सांभाळत मी फेणे वाचला. शाळेच्या पेटीत चार-पाच पुस्तकं होती, बाकीची हडपसरच्या वाचनालयातून आणायची. ‘प्रतापगडावर फास्टर फेणे’, ‘चक्रीवादळात फास्टर फेणे’, ‘विमानचोर विरुद्ध फास्टर फेणे’. भागवतांनी त्याला काश्मीरपर्यंत पळवलाय. पण तो जिथे जाईल तिथे फुरसुंगीचा बन्याच, म्हणजे बनेश फेणेच, राहायचा. हाडकुळा, सायकलवर जीव असलेला, पुण्याच्या विद्याभवन शाळेतला पोरगा. डोक्यात काही चमकलं की जीभ टाळूला लावून ‘ट्टॉक!’ करायचा. आम्ही गावातली पोरं तो आवाज इतका काढायचो की मास्तरांनी वर्गात त्यावर बंदी घातली होती.

या पुस्तकांची खरी गंमत कशात होती, हे मला दुकानात पोरं बघता बघता कळत गेलं. बारा वर्षांच्या पोराकडे कुणाचं लक्ष नसतं. मोठी माणसं त्याच्यासमोर काहीही बोलतात, त्याला मोजतच नाहीत. म्हणून त्याला सगळं दिसतं. आणि दिसलेलं त्यानं सांगितलं तर कुणी खरं मानत नाही, म्हणून त्याला स्वतःलाच पळावं लागतं. फेणेच्या गोष्टी या दोन पायांवर उभ्या आहेत. चोर किती मोठा, कट किती खोल, याला फार महत्त्व नाही. वाचताना छाती धडधडते ती या भीतीनं, की हा खरं सांगतोय आणि याचं कुणी ऐकणार नाही. ही भीती प्रत्येक मुलाच्या ओळखीची असते.

२०१७ च्या ऑक्टोबरात ‘फास्टर फेणे’ चित्रपट आला. त्याच महिन्यात आमचं गाव पुणे महापालिकेत गेलं, त्यामुळे तो महिना गावात नीट लक्षात आहे. दिवाळीची सुट्टी चालू होती. मी भाच्याला घेऊन गेलो. तो तेव्हा दहा वर्षांचा, माझ्या दुकानातल्या कडा झिजलेल्या प्रती वाचून तयार झालेला. जाताना मोटरसायकलवर मागे बसून सारखा ‘ट्टॉक’ करत होता.

पडद्यावर फेणे आला तो अमेय वाघ. चांगला नट आहे, चपळ आहे, डोळ्यांत ती चमक आहे. आदित्य सरपोतदारांनी चित्रपट वेगानं हलवलाय. गिरीश कुलकर्णींनी खलनायक अप्पा असा उभा केलाय की घरी आल्यावरही तो थंड आवाज कानात राहतो. हे सगळं मान्य. पण बन्या फेणे इथे डॉक्टरीच्या प्रवेश परीक्षेसाठी पुण्यात आलेला तरुण आहे. परीक्षेच्या वेळी भेटलेला एक मुलगा मरतो, लोक आत्महत्या म्हणून मोकळे होतात, फेणेला ते पटत नाही, आणि माग काढता काढता तो परीक्षांच्या घोटाळ्यापर्यंत जाऊन पोचतो. विषय खरा आहे. आपल्याकडे अशा परीक्षांवर किती पोरांचे जीव टांगलेले असतात ते मला शेजारच्या घरांतून दिसतं. त्यावर कुणी चित्रपट काढला तर मी तिकीट काढून बघेन. पण तो फेणेचा चित्रपट कसा?

मध्यंतराच्या आधीच भाच्यानं माझ्या कानात विचारलं, ‘मामा, हा फास्टर फेणेचा दादा आहे का?’

मी त्याला गप्प बसवलं. उत्तर काय देणार होतो? तो पुढे शांत बसला, आणि चित्रपटात भू-भू नावाचा जो रस्त्यावरचा चिमुरडा आहे तो आला की तेवढ्यापुरता सरसावून बसायचा. घरी येताना म्हणाला, ‘त्या भू-भूलाच फेणे करायचं ना.’ मोठमोठ्या समीक्षकांनी जे लिहिलं नाही ते हे पोरगं समोसा खात बोलून गेलं. हव्या त्या वयाचा मुलगा चित्रपटवाल्यांकडे होता, कॅमेऱ्यासमोर उभा होता, धीट होता. त्याला मदतनीस केलं, आणि नायकाच्या जागी मिशी फुटलेला माणूस उभा केला.

वीस-बावीस वर्षांचा तरुण गुंडांच्या मागे लागला, पोलिसांनी त्याचं ऐकलं नाही, मग त्यानं एकट्यानं टोळी उघडी पाडली, हे आपण हिंदीत आणि मराठीत शेकड्यानं पाहिलंय. त्या तरुणाला समोरचा माणूस घाबरू शकतो, मारू शकतो, विकत घेऊ शकतो, पण दुर्लक्ष करू शकत नाही. म्हणजे भागवतांच्या गोष्टीतला मुख्य खिळाच निघाला. नाव राहिलं, ट्टॉक राहिलं.

सायकलीचंही बघा. मी धंद्याच्या नजरेनं सांगतो. सोळा वर्षांखालच्या पोराला रस्त्यावर कायद्यानं मोटरसायकल चालवता येत नाही. त्याला दुसऱ्या कुणावर अवलंबून न राहता गावाबाहेर जायचं तर सायकलच. चढाला उतरावं लागतं, साखळी पडली की हात काळे करून बसवावी लागते, अंधार पडायच्या आत घरी यावं लागतं. फेणेची सायकल ही त्याची सत्ता होती. अठरा झाली की पोरगं माझ्या दुकानाकडे वळूनही बघत नाही. त्या वयाच्या नायकाच्या हातात सायकल दिली काय आणि नाही काय, ती शोभेचीच.

मग असं का करतात? चित्रपटात एक पात्र आहे, भा. रा. भागवत. दिलीप प्रभावळकरांनी केलंय, आणि अतिशय गोड केलंय. भागवत स्वतः फेणेला घरात आसरा देतात ही कल्पना सुचली असेल तेव्हा लेखकाच्या अंगावर काटा आला असेल. माझ्याही आला. आमच्या रांगेतले दोन-तीन पन्नाशीचे गृहस्थ टाळ्या वाजवत होते. पण थिएटरातली पोरं? माझ्या भाच्याला पुस्तकाच्या कव्हरवरचं नाव माहीत होतं, माणूस माहीत नव्हता. त्याच्या लेखी ते एक प्रेमळ आजोबा होते. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला की हा चित्रपट मुळात माझ्यासाठी केलेला आहे. मला आठवणी याव्यात, मी हळवा व्हावं, मी तिकीट काढावं. भाचा आपला बरोबर आला होता इतकंच.

दुकानात हे मी रोज बघतो. आजोबा नातवाला सायकल घ्यायला येतात. आणि हात जातो तो काळ्या, दांड्याच्या, मागे कॅरिअर असलेल्या सायकलीकडे. ‘आमच्या वेळी अशी होती, काय दणकट!’ नातू बाजूला उभा राहून दुसऱ्याच सायकलीच्या गिअरना हात लावत असतो. पैसे आजोबा देणार, त्यामुळे काळी सायकल जाते, आणि चार महिन्यांनी तिच्यावर धूळ बसलेली मला गल्लीत दिसते.

‘श्यामची आई’चंही मला असंच वाटतं. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलेलं पुस्तक. १९५३ साली आचार्य अत्र्यांनी त्याचा चित्रपट केला आणि त्याला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं, हे सगळ्यांना पाठ आहे. अत्र्यांनी पुस्तकातल्या बेचाळीस रात्रींतलं किती गाळलं याची तक्रार मी कधी ऐकली नाही. कारण माधव वझे हा मुलगा मध्यभागी होता. तो विहिरीत उतरायला घाबरतो तेव्हा आपल्याही पोटात गोळा येतो. २०२३ मध्ये सुजय डहाके यांनी तीच गोष्ट पुन्हा केली, आणि कृष्णधवल केली. मेहनत दिसते, कॅमेरा सुंदर आहे. पण आजच्या आठ वर्षांच्या मुलासाठी चित्रपट काढताना कुणी रंग काढून घेईल का? तो रंग काढला आमच्यासाठी, म्हणजे १९५३ चा चित्रपट टीव्हीवर बघून डोळे पुसलेल्यांसाठी. पुस्तकातला समुद्रकाठचा हिरवागार कोकण, जो मुलांनी बघायला हवा, तो करडा झाला. गुरुजींच्या पुस्तकात तरी कोकण करडा नव्हता.

चिंटूचं फार लांबवत नाही. १९९१ पासून रोज सकाळी पेपरात तीन-चार चौकटींत येणारा पोरगा २०१२ साली दोन तासांचा केला. निदान तो पोरगाच राहिला. ‘बोक्या सातबंडे’ २००९ साली आला, त्यातही बोक्या बोक्याच होता, आणि म्हणूनच चुका असूनही ते चित्रपट मी भाच्याबरोबर परत पाहिलेत. फेणे परत पाहायला तो कधी म्हणाला नाही.

आता ‘मुलांच्या जिवावर चित्रपट चालत नाही’ हे जे निर्मात्यांच्या वतीनं नेहमी सांगितलं जातं, त्याबद्दल. २०१४ साली ‘एलिझाबेथ एकादशी’ आला. परेश मोकाशींचा. पंढरपूरचा ज्ञानेश, त्याची एलिझाबेथ नावाची सायकल, आणि ती विकली जाऊ नये म्हणून वारीच्या गर्दीत बांगड्यांचं दुकान लावणारी पोरं. सायकल आणि मुलगा, दुसरं काय आहे त्यात? लोकांनी डोक्यावर घेतला, आणि मुलांच्या चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. सायकलवाला म्हणून मी त्या चित्रपटाचा पक्षपाती आहे हे कबूल. पण दुसरं उदाहरण घ्या. ‘फास्टर फेणे’नंतर तीनच आठवड्यांनी, नोव्हेंबर २०१७ मध्ये ‘नाळ’ आला. त्यातला चैत्या आठ-नऊ वर्षांचा. अख्खा चित्रपट त्याच्या उंचीवरून बघितलेला, नदी, म्हशी, कोंबड्या, आईच्या मागे मागे फिरणं. मोठी माणसं आहेत, नागराज मंजुळेही आहेत, पण कॅमेरा त्या पोराला सोडत नाही. आणि तिकीटबारीवर रांगा. म्हणजे त्याच मोसमात, त्याच मराठी प्रेक्षकानं, एका पोराच्या खांद्यावर चित्रपट चालवून दाखवला. प्रेक्षक नव्हता म्हणून फेणेला मोठा केला, हे कारण तीन आठवड्यांतच खोटं ठरलं.

मुलांबरोबर काम करणं अवघड आहे हे मात्र खरं. २०१७ च्या नियमांप्रमाणे लहान कलाकाराला दिवसात पाच तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त थांबवून ठेवता येत नाही. असायलाच हवेत असे नियम. पण त्यामुळे चित्रीकरणाचे दिवस वाढतात, खर्च वाढतो, पोराची शाळा सांभाळावी लागते. नाव असलेला नट घेतला की चित्रपट विकणं सोपं जातं. हे सगळं मला कळतं, मीही धंदा करतो. पण ज्याला हे परवडत नाही त्यानं दुसरी गोष्ट घ्यावी. गोष्टींचा काय तुटवडा आहे?

एकदा हे जमलं होतं, हे विसरू नका. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर फेणेची मालिका लागायची, सुमीत राघवन फेणे होता, तेव्हा पोरगेलाच. आम्ही गावातल्या एकमेव रंगीत टीव्हीसमोर दाटीवाटीनं बसून बघायचो. मालिका साधी होती, आजच्या मुलांना हसू येईल. पण तो दारात आला की आमच्यातलाच कुणीतरी आत शिरलाय असं वाटायचं. १९९० मध्ये राजदत्तांनी ना. धों. ताम्हनकरांचा ‘गोट्या’ केला, जॉय घाणेकर गोट्या झाला. त्याचं शीर्षकगीत ऐकलं की अजून माझी बायको स्वयंपाकघरातून बाहेर येते. त्या मालिकेकडे आजच्या जाहिरातीएवढेही पैसे नसतील. मुलाला मुलगा ठेवायला पैसे लागत नाहीत.

आता राहिलं मुलं वाचत नाहीत हे. दुकानात बाकड्याशेजारी मी एक फळी ठेवलीय. त्यावर फेणेची पुस्तकं, गोट्या, भागवतांनीच मराठीत आणलेलं ज्यूल व्हर्नचं ‘चंद्रावर स्वारी’ असं थोडंफार आहे. पंक्चर निघेपर्यंत पोरं वाचतात. मोबाइल असतो त्यांच्याकडे, पण त्यावर वेळ घालवून कंटाळलेली पोरंही असतात, हे मोठ्यांना खरं वाटत नाही. काहींचं पंक्चर निघालं तरी ती उठत नाहीत. इंग्रजी शाळेतली पोरं अडखळत वाचतात, ‘मुलूख’ म्हणजे काय, ‘बेत’ म्हणजे काय असं विचारतात, आणि वाचतात. याच पोरांनी हॅरी पॉटरचे आठही चित्रपट पाहिलेत. पहिल्यात तो अकरा वर्षांचा आहे, हे त्यांना चांगलं ठाऊक आहे. त्यामुळे ती जेव्हा विचारतात की आपला फास्टर फेणे मोठा का दाखवला, तेव्हा ‘लहान मुलगा चालत नाही’ हे उत्तर त्यांच्या तोंडावर देता येत नाही.

पुस्तक बदललं म्हणून मी रुसलेलो नाही, हे पुन्हा सांगतो. फेणेच्या हातात मोबाइल द्या, त्याला मेट्रोत बसवा, आमच्या कचरा डेपोमागचा एखादा काळा धंदा उघडा करायला लावा. किंबहुना ती गोष्ट कुणी लिहावीच. रात्री येणाऱ्या गाड्यांमधून काय टाकलं जातं हे आमच्या गावात सगळ्यात आधी पोरांनाच कळायचं, कारण तीच त्या बाजूला सायकली घेऊन फिरायची. आणि घरी सांगितलं तर ‘तिकडे गेलासच कशाला’ म्हणून धपाटा मिळायचा. भागवतांनी हे ऐकलं असतं तर चार दिवसांत पुस्तक हातावेगळं केलं असतं.

कुणी निर्माता-दिग्दर्शक हे पत्र वाचत असेल तर दोन गोष्टी कळवून ठेवतो. पुढच्या वेळी फेणे शोधायला मुंबईत ऑडिशन घेण्याआधी एकदा फुरसुंगीच्या शाळा सुटायच्या वेळी येऊन उभं राहा. कडेला चहाची टपरी आहे, तिथून सगळं दिसतं. आणि चित्रीकरणासाठी वीस इंची सायकल लागेल ती माझ्याकडून न्या, भाडं नको. ब्रेक मी स्वतः तपासून देईन, कारण बारा वर्षांचं पोरगं ती कशी पळवेल हे मला माहीत आहे.

पत्र लांबलं. छापताना कापायचं झालं तर माझ्या दुकानाबद्दलचं कापा, भाच्याचा प्रश्न तेवढा ठेवा.

आपला,
एक सायकलवाला
फुरसुंगी, ता. हवेली, जि. पुणे